दरसाल एक डॉलर

मी तुमच्याच भागातली, बचत गटांची समन्वयक. एरवी मी इथे येते ती बँक जोडणीचं सांगायला, नाहीतर थकलेल्या हप्त्यांचं रडगाणं गायला. आज विषय निराळा आहे, पण शेवटी पैशांचाच आहे.

गेल्या महिन्यात खोपोलीकडच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत एका ताईनं विषय काढला. तिची बहीण पनवेलला असते, सासर ख्रिस्ती. बहिणीच्या चर्चमध्ये एका रविवारी एक नवराबायको आले होते. दोघंही शिकलेले, तरुण. परदेशात धर्मसेवेच्या कामाला जायचं ठरवलंय. पण जाण्याआधी ते गावोगावच्या चर्चमध्ये जातात, आपण कुठे जाणार, तिथे काय करणार, महिन्याला खर्च किती येणार हे उभं राहून सांगतात, आणि शेवटी एक कार्ड देतात. कार्डावर लिहायचं, मी दरमहा इतके रुपये, इतकी वर्षं देईन.

ताई म्हणाली, "मला काही ते बरं वाटलं नाही. देवाच्या कामाला निघायचं आणि आधी हात पसरायचा?"

दुसरी म्हणाली, "अगं, दिंडी निघते तेव्हा गावोगाव शिधा घेतच जाते की!"

त्यावर तिसरी, जी आमच्याकडे वही लिहिते, ती म्हणाली, "दिंडीला आपण एकदा देतो. हे तर दर महिन्याचं आहे. हे आपल्या बचतीसारखं झालं."

त्या तिसरीचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. एकदा दिलेलं दान आणि दर महिन्याचं वचन यांत फरक आहे, आणि तो आपल्याकडच्या बायांना कोणी शिकवायला नको. २०२३च्या जुलैत इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा चादरी, भांडी, धान्य, खूप मदत आली. माणसं मनापासून आली. पण पहिल्या आठ दिवसांची मदत वेगळी आणि तिसऱ्या वर्षी शाळेची फी भरणारी मदत वेगळी. पहिली कळवळ्यातून येते. दुसरीला कोणीतरी नाव लिहून घ्यावं लागतं, आठवण करावी लागते, हिशोब द्यावा लागतो.

मग मी थोडं वाचलं. कॉलेजात इतिहास होता, पण यातलं फारसं काही आम्हाला शिकवलं नव्हतं.

ही पद्धत फार जुनी आहे आणि तिच्या मुळाशी बायकाच आहेत. अमेरिकेत बॉस्टन शहरात १८०२ साली सिम्पकिन्सबाई नावाच्या एका बाईनं धर्मकार्यासाठी एक मंडळी काढली. नियम एकच, प्रत्येक बाईनं आठवड्याला एक सेंट द्यायचा. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, आपल्या पैशासारखा. घरखर्चातून सेंट वाचवता येतो, त्यासाठी नवऱ्याला विचारायला लागत नाही. ही कल्पना गावोगाव पसरली. आपण गटात सुरुवातीला आठवड्याला दहा रुपयेच का ठेवतो, याचं उत्तर त्या बाईला दोनशे वर्षांपूर्वी सापडलं होतं.

अशाच चर्चांच्या वर्गणीवर १८१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून परदेशी जाणारी पहिली मिशनरी मंडळी निघाली. पाच तरुण, त्यातल्या तिघांची लग्नं त्याच दिवसांत झालेली. माहेर सोडून सासरी जायचं ते थेट जहाजावर. पाठवणाऱ्या मंडळापाशी पुरेसा पैसा नव्हता. शेवटच्या काही आठवड्यांत वर्गणी जमली, तेव्हा कुठे सगळ्यांना निघता आलं. त्यांपैकी सॅम्युअल नॉट, त्याची बायको रोक्साना आणि गॉर्डन हॉल हे तिघं १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. कंपनी सरकारला ते नको होते, कलकत्त्याहून हाकलत होते, तिथून निसटून आले. तब्येत बिघडली म्हणून नॉट नवराबायको दोन-अडीच वर्षांतच परत गेले. हॉल राहिला, मराठी शिकला, आणि १८२६ साली कॉलऱ्यानं इथेच वारला. पुढे त्यांच्याच मिशननं १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. 'ज्ञानोदय' हे मराठी पत्रही त्याच मिशनचं.

त्या पाचांत जडसन म्हणून एक होता, त्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जहाजावर चार महिने वाचन करता करता बाप्तिस्म्याबद्दल त्याचं मत बदललं. ज्या पंथाच्या लोकांनी पैसे दिले होते, त्या पंथाचं मत त्याला पटेनासं झालं. कलकत्त्याला उतरल्यावर त्यानं आणि त्याच्या बायकोनं काय करावं? त्यांनी घरी पत्र पाठवून कळवलं की आता आम्हाला तुमचे पैसे घेता येणार नाहीत. परक्या मुलुखात, हातात काही नसताना. त्यांच्यातला ल्यूथर राईस मग अमेरिकेला परत गेला आणि दुसऱ्या पंथाच्या चर्चांतून नव्यानं वर्गणी उभी करत हिंडला. ज्या कामासाठी घेतले ते काम बदललं, तर देणाऱ्याला सांगायचं. एवढं सरळ आहे, पण किती जण करतात?

आता आपल्या मातीतल्या माणसांकडे येते. आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत, पहिल्या डॉक्टरीण. कल्याणच्या. लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांच्या. नवरा गोपाळराव पोस्टात, त्यामुळे बदल्या, आणि त्यातली एक बदली आपल्या अलिबागला होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं पाणी प्यायलेली बाई. बायकोला अमेरिकेला शिकायला न्यावं म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना मिशनऱ्यांकडे मदत मागितली. उत्तर आलं त्याचा अर्थ असा होता की ख्रिस्ती झालात तर बघू. दोघांनी ते मानलं नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला, तो कार्पेंटर नावाच्या एका बाईनं वाचला आणि तिनं आपणहून पत्र लिहिलं, आमच्याकडे ये. आनंदीबाईंना अमेरिकेत घर मिळालं ते तिच्याकडे.

जायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला मिशनऱ्यांच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केलं. वय अठरा पुरं नव्हतं. भाषण इंग्रजीत. मी का जाते, इथे का शिकता येत नाही, एकटी का जाते, परत आल्यावर मला जातीबाहेर टाकलं तर काय, एकेक प्रश्न स्वतःच घेऊन त्याची उत्तरं दिली. आणि सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पनवेलच्या चर्चमध्ये त्या जोडप्यानं जे केलं, तेच हे. निघायच्या आधी लोकांसमोर उभं राहून आपलं काम मांडायचं. त्या भाषणानंतर मदतही आली. एप्रिलमध्ये त्या निघाल्या. गोपाळराव मागे राहिले.

११ मार्च १८८६ला आनंदीबाईंना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला त्यांच्या नात्यातल्या एक बाई इंग्लंडहून आल्या होत्या, बरोबर पाच वर्षांची मुलगी. त्या पंडिता रमाबाई. नवरा दोन वर्षांच्या संसारात कॉलऱ्यानं गेलेला. इंग्लंडात असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. समारंभाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, कारण त्यांना पैसे उभे करायचे होते. हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायची होती.

रमाबाईंनी हे कसं केलं ते जरा नीट ऐका, कारण आपल्या कामाचं आहे.

आधी पुस्तक लिहिलं. हिंदू समाजातल्या वरच्या जातींतल्या बाईची स्थिती काय, असं इंग्रजी पुस्तक, १८८७ साली छापलं आणि स्वतःच विकलं. मग चर्च, सभागृहं, बायकांच्या मंडळ्या, कॉलेजं, जिथे बोलावतील तिथे गेल्या. पांढरी साडी नेसलेली बुटकी बाई, संस्कृतची पंडित, उभी राहून सांगते की माझ्या देशात नऊ-दहा वर्षांच्या मुली विधवा होतात, त्यांचं पुढे काय होतं. ऐकून लोक हळहळत. हळहळणाऱ्या माणसाकडून त्याच वेळी मोठी रक्कम मागता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी 'रमाबाई मंडळं' काढायला सांगितली. मंडळातल्या प्रत्येकानं वर्षाला एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षं देत राहायचं. पैसे बॉस्टनच्या मुख्य संस्थेकडे जायचे. ती संस्था, रमाबाई असोसिएशन, १३ डिसेंबर १८८७ला स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल नावाचे धर्मोपदेशक अध्यक्ष, आणि उपाध्यक्षांत एकमेकांशी न पटणाऱ्या पंथांचे लोक. जूडिथ अँड्र्यूज नावाच्या बाई कारभार बघत.

दहा वर्षंच का? याचं उत्तर गटात काम केलेली कोणीही देईल. शाळा काढायला एक वर्ष लागतं, चालायला लागायला तीन. पहिल्या वर्षी मोठी देणगी आणि दुसऱ्या वर्षी शून्य, यानं मास्तरणीचा पगार भागत नाही. आणि दहा वर्षं म्हणजे कायमचंही नाही. मुदत आहे, त्या मुदतीत काय झालं ते परत येऊन सांगायचं आहे.

१ फेब्रुवारी १८८९ला रमाबाई मुंबईत उतरल्या आणि ११ मार्चला शारदा सदन सुरू केलं. दीड महिन्यात! तिथे पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती गोदूबाई. पुढे तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती बाया कर्वे झाली. हिंगण्याच्या आश्रमासाठी याच बायानं दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. कर्वे स्वतः उतारवयात आफ्रिकेपर्यंत गेले, संस्थेला पैसे जमवायला. रमाबाईंच्या शाळेत मुलगी फक्त अक्षरं शिकली नाही, मागायला न लाजणंही शिकली, असं मला आपलं वाटतं. आणि डोंगराच्या त्या अंगाला, तळेगावला, पैसा फंडाचा काचेचा कारखाना निघाला तो माणशी वर्षाला एक पैसा गोळा करूनच. म्हणजे ही अक्कल काही परदेशीच आहे असं नाही.

१८९० साली शाळा पुण्याला हलली. तेव्हाही मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी आपल्या कर्जतवरूनच घाट चढायची, त्यामुळे त्या मुली इथूनच वर गेल्या असणार. एवढं मनात आलं की मला कर्जत स्टेशनावर उभं राहिल्यावर जरा वेगळं वाटतं.

आता कडू भाग. शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती नाही, मुलींनी आपले आचार पाळावेत, असं ठरलेलं होतं. ज्या लोकांकडून पैसे घेतले त्यातले बरेच जण मनातून वेगळं इच्छित असतील, पण शब्द तसा दिला होता. इथल्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं होती, ती त्या शब्दावर विसंबून. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत. मुली येऊन बसायला लागल्या. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही. गावात बोभाटा झाला, 'केसरी'नं झोडपलं, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचं म्हणणं, मी सक्ती केली नाही. मग मी शब्द कुठे मोडला? रानड्यांच्या बाजूचं म्हणणं, तुम्ही काय म्हणालात यापेक्षा आम्ही काय समजलो होतो ते बघा. मी रमाबाईंना फार मानते, तरी मला दुसरी बाजूही समजते. 'सक्ती नाही' हे दोन शब्द लिहिताना दोघांच्या मनात दोन वेगळे अर्थ होते. आपल्या गटात ठराव लिहिताना मी इतकी किटकिट का करते, हे तुम्ही मला नेहमी विचारता ना? 'अडचणीच्या वेळी मदत' असं लिहू नका, अडचण म्हणजे काय ते लिहा, आजारपण, बाळंतपण, शाळेची फी. नाहीतर एकीच्या अडचणीत लग्नाचा मांडव पण बसतो.

दुसरी एक गोष्ट मला सलते. मदत मागायची तर दुःख सांगावं लागतं. किती सांगायचं? रमाबाईंवर आपल्याकडे रोष झाला तो यासाठीही, की परक्या मुलखात जाऊन आपल्या घराचं उणं सांगितलं. १८९५च्या सुमाराला स्वामी विवेकानंद अमेरिकेत होते, तेव्हा विधवांच्या स्थितीवरून ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळातल्या बायकांशी त्यांचा चांगलाच खटका उडाला होता. मला दोन्हीकडचं दुखणं कळतं. आपल्या वाड्यांवर पाहुणे येतात, फोटो काढतात. कातकरी ताई मोडक्या दाराशी उभी असेल तर फोटो घेतात, तीच ताई वही लिहीत बसली असेल तर कॅमेरा खाली. मग ताईही शिकते, की पाहुणे आले की वही आत ठेवायची. यात मदत मिळते, पण काहीतरी जातंही.

रमाबाईंनी मात्र एक केलं. तिकडे जाऊन आपल्याबद्दल सांगितलं, तसं इकडे येऊन तिकडच्याबद्दलही सांगितलं. १८८९ साली अमेरिकेवर मराठीत जाडजूड पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांच्या संघटना कशा चालतात, सभा कशा भरवतात, सगळं बारकाईनं. आणि तिथे काळ्या लोकांना, मूळच्या रहिवाशांना कसं वागवलं ते लिहायलाही कचरल्या नाहीत. ज्यांचा डॉलर घेतला त्यांचे दोष लिहायला धैर्य लागतं.

१८९८ला दहा वर्षं संपली. मधल्या काळात मोठा दुष्काळ पडला होता, रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुलीबाया आणून केडगावला ठेवल्या होत्या, आणि केडगावचं काम आता उघडउघड ख्रिस्ती होतं. रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दहा वर्षांत काय झालं ते सभेपुढे मांडलं. जुनी संस्था विसर्जित झाली आणि पुढे ज्यांना द्यायचं होतं त्यांनी नवी संस्था काढली. जुन्याच वचनावर नवं काम रेटलं नाही.

आता कोणी विचारेल, असं कार्ड आपल्या दारात आलं तर? कोणत्याही धर्माचं असो, शाळेचं असो, देवळाचं असो. माझं सांगणं एवढंच. गटाच्या पेटीतला पैसा त्यासाठी काढायचा नाही, तो सगळ्यांचा आहे, त्यावर कर्ज चालतं. द्यायचं ते आपापल्या कमरेच्या बटव्यातून. दोघांपैकी कोण जाणार, कुठे, किती वर्षं, पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात जाणार, पावती मिळणार का, आणि काम अर्ध्यात सुटलं तर कळवणार का, हे विचारायचं. विचारल्यावर जो रागावेल त्याला देऊ नका. आनंदीबाईंनी तर लोकांच्या मनातले प्रश्न स्वतःच विचारले होते. आणि पन्नास रुपयांचं वचन दिलंत तर पन्नास रुपये दर महिन्याला बाजूला काढा. दोन महिने देऊन तिसऱ्या महिन्यात नाव ऐकलं की तोंड फिरवणारे देणारेही मी पाहिलेत, आणि वसुलीला आम्हाला कोणाकडे जावं लागतं ते मी इथे रेडिओवर सांगत नाही.

केडगावची मुक्ती मिशन ही संस्था अजून आहे, पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन लागतं. भाताची कामं उरकली की तिकडे जायचा आमचा विचार चाललाय. कर्जतहून पहाटेची गाडी धरून पुणे, तिथून दौंडची गाडी. ज्या गटांना यायचं असेल त्यांनी बैठकीत ठराव करून नावं माझ्याकडे द्या. भाडं ज्याचं त्यानं, डबा घरून.